चकतीत किती मावतं, आणि किती टिकतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनी कंपनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं. साध्या डीव्हीडीच्या पाचपट माहिती एका चकतीत मावेल, असं सांगत २००२ साली ज्या नऊ कंपन्यांनी हा प्रकार जगापुढे मांडला, त्यांतली ही आघाडीची कंपनी. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, सास्तूरमध्ये, या बातमीने कुणाचं काही अडलं नाही. इथे आधी कॅसेट आली, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. तिथून गाव थेट मेमरी कार्डावर आणि मोबाइलवर गेलं. ब्लू-रे मध्ये आलीच नाही म्हटलं तरी चालेल.

खेड्यातल्या गिऱ्हाइकाला नवं तंत्र कळलं नाही, परवडलं नाही, असं याचं उत्तर सहज दिलं जातं. परवडण्याचा भाग खरा आहे. कळलं नाही हे मात्र मला मान्य नाही. नवी चकती बाजारात आली तेव्हा कंपन्या ‘किती मावतं’ हे सांगत होत्या आणि गिऱ्हाईक वेगळंच काही विचारत होतं. ते प्रश्न जास्त शहाणपणाचे होते, असं आज मागे वळून पाहताना ठामपणे म्हणता येतं.

आधी हे ‘मावणं’ समजून घेऊ. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे हातात घेतल्या तर तिन्ही सारख्याच: व्यास १२ सेंटिमीटर, जाडी सव्वा मिलिमीटरच्या आत. तिघींच्या पोटात आतून बाहेर गोल गोल जाणारी एक अखंड रेषा असते आणि त्या रेषेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा असतात. लेझरचा किरण त्यावरून फिरतो. खाच आणि सपाट भाग यांवरून परतणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्याचेच यंत्र शून्य आणि एक असे आकडे करतं. किरणाचा ठिपका जितका बारीक, तितक्या खाचा बारीक आणि रेषेचे वेढे जवळजवळ घेता येतात. पेन्सिलीला टोक काढलं की वहीच्या त्याच पानावर जास्त ओळी बसतात, तसंच. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. रेषेच्या दोन वेढ्यांतलं अंतर सीडीत १.६ मायक्रॉन होतं, डीव्हीडीत ते ०.७४ झालं आणि ब्लू-रेत ०.३२. म्हणून सीडीत ७०० एमबी, डीव्हीडीत ४.७ जीबी आणि ब्लू-रेत २५ जीबी. दोन थर दिले की डीव्हीडीत साडेआठ आणि ब्लू-रेत ५० जीबी.

किरण इतका बारीक करायचा तर माहितीचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणावा लागतो. ब्लू-रेत तो वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. साधा ओरखडाही थेट माहितीपर्यंत जाईल म्हणून तिच्यावर कडक लेप द्यावा लागला. सीडीचं उलट आहे. तिची माहिती वरच्या छापील बाजूला, लेबलाच्या लगेच खाली असते. लोक चकचकीत बाजू जिवापाड जपतात आणि लेबलाच्या बाजूने ती टेबलावर घासत ठेवतात. सीडी कायमची जाते ती बहुतेक त्याच बाजूने.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. २००६ साली अमेरिका आणि जपानच्या बाजारात उच्च क्षमतेच्या एक सोडून दोन चकत्या आल्या. तोशिबाची एचडी डीव्हीडी, एका थरात १५ जीबी. सोनी आणि सोबत्यांची ब्लू-रे, एका थरात २५ जीबी. दोन्हींत निळसर जांभळाच लेझर, पण एकीची चकती दुसरीच्या यंत्रात चालायची नाही. अमेरिकेत तोशिबाचं पहिलं यंत्र ५०० डॉलरच्या आसपास, तर सॅमसंगचं पहिलं ब्लू-रे यंत्र सुमारे १,००० डॉलरना होतं. चित्रपट कंपन्यांनीही आपापली बाजू धरली. हवा तो सिनेमा नेमका दुसऱ्याच चकतीवर, अशी पंचाईत. कॅसेटच्या काळात बीटामॅक्स आणि व्हीएचएसची अशीच लढाई होऊन बीटामॅक्स घेणारे फसले होते, हे लोक विसरले नव्हते. त्यामुळे बहुसंख्य गिऱ्हाइकांनी काहीच विकत न घेता वाट पाहिली. नोव्हेंबर २००७ मध्ये तोशिबाचं यंत्र काही दुकानांत शंभर डॉलरच्याही खाली आलं, तेव्हा स्वस्त म्हणून ते घेणाऱ्यांची झुंबड उडाली. दोनच महिन्यांनी, जानेवारी २००८ मध्ये, वॉर्नर कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने माघार जाहीर केली. ज्यांनी घाई केली त्यांच्या घरात चांगलं चालणारं यंत्र उरलं, पण त्याला नवी चकती मिळणार नव्हती.

नेमक्या याच दोन वर्षांत आपल्याकडे वेगळंच घडत होतं. कोऱ्या चकत्या बनवणाऱ्या नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने सिनेमांचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. हिंदीबरोबर प्रादेशिक भाषांतले सिनेमेही या भावात आले. एसटी स्टँडवरच्या टपरीत, आठवडी बाजारात, किराणा दुकानाच्या काउंटरवर चकत्या दिसू लागल्या. ब्लू-रेवरचा सिनेमा तेव्हा हजाराच्या घरात जाई. त्या पैशात तीसेक सिनेमे येत होते.

पण भाव हे एकच कारण नव्हतं. चित्रपटगृह जवळ नाही, म्हणून एका रात्रीपुरता टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणून तीन-तीन पिक्चर बघायची सवय मराठवाड्यातल्या गावांना कॅसेटच्या दिवसांपासून होती. पुढे भाड्याचा व्हीसीडी प्लेअर आला. व्हीसीडीवर जेमतेम ७४ मिनिटांचं चित्रण बसे. म्हणजे एका हिंदी सिनेमाला दोन किंवा तीन चकत्या, आणि ऐन प्रसंगात उठून चकती बदलायची. डीव्हीडी आली तेव्हा लोकांनी तिच्या जागेचा उपयोग चित्र सुधारायला केला नाही. एकाच चकतीत तीन, चार, पाच सिनेमे कोंबलेल्या डीव्हीड्या त्यांनी पसंत केल्या. गाण्यांचंही तेच. साध्या सीडीत दहा-बारा गाणी बसत. एमपी३ सीडी निघाली आणि एका चकतीत शे-दीडशे गाणी मिळू लागली. तुळजापुरात देवीच्या वाटेवरच्या दुकानांतून आराधी गीतांच्या आणि पंढरपुरातून हरिपाठ-कीर्तनाच्या चकत्या घरोघर गेल्या त्या अशाच. वाढलेली जागा कशासाठी वापरायची हे गिऱ्हाइकाने स्वतः ठरवलं होतं, आणि ते ब्लू-रे विकणाऱ्यांच्या मनातल्या उत्तरापेक्षा वेगळं होतं.

ब्लू-रेचा सगळा भर चित्राच्या स्पष्टतेवर होता. व्हीसीडीचं चित्र सुमारे १ लाख ठिपक्यांचं, डीव्हीडीचं ४ लाख १४ हजारांचं आणि ब्लू-रेचं २० लाखांहून जास्त ठिपक्यांचं. फरक खराच मोठा आहे. पण घरात २१ इंची, मागे फुगीर डबा असलेला टीव्ही असताना तो दिसणार कसा? डीव्हीडीची स्पष्टता तेवढीच त्या पडद्याची कमाल मर्यादा होती. त्यातून ग्रामीण महाराष्ट्रात ते भारनियमनाचे दिवस होते. वीज असेल त्या चार तासांत काय बघायचं, हा खरा हिशेब.

दुकानात नवं यंत्र दाखवलं की गिऱ्हाईक पहिलं विचारायचं, “आमच्या जुन्या सीड्या यात चालतील का?” दुसरं विचारायचं, “याची कॉपी मारून मिळते का?” डीव्हीडी प्लेअर या दोन्ही प्रश्नांना पुरून उरला. त्यात सीडी चालायची, व्हीसीडी चालायची, एमपी३ चालायची, आणि लग्नाची डीव्हीडी तालुक्याच्या फोटो स्टुडिओत दहा-वीस रुपयांच्या कोऱ्या चकतीवर मारून मिळायची. ब्लू-रेच्या बऱ्याच यंत्रांत व्हीसीडी चालत नसे. सिनेमाच्या ब्लू-रेवर कॉपी रोखणारं कुलूप होतं, आणि ती राइट करून देणारं दुकान दूर कुठेतरी, पुणे-मुंबईत. ज्याच्या कपाटात वीस-पंचवीस व्हीसीड्या आहेत, त्याने नकार दिला तर त्याला मागासलेला कोण म्हणेल?

सास्तूरच्या बाबतीत मला तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो: हे टिकेल का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो भूकंप झाला, त्याला सगळे किल्लारीचा भूकंप म्हणतात. पण किल्लारीच्या शेजारच्या सास्तूरचीही त्या पहाटे तशीच माती झाली. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचं ओझं, आणि गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं, ५२ गावं नव्या जागी बांधली गेली. घरं मिळाली. माळवदाखाली गेलेले लग्नाचे फोटो, भिंतीवरच्या तसबिरी, आई-वडिलांचा असलेला एकुलता एक फोटो मात्र कुठल्याच योजनेतून परत मिळणार नव्हता.

त्यानंतर नव्या घरांत झालेली लग्नं, बारशी, साठीशांती आधी व्हीएचएस कॅसेटवर आणि २००० नंतर व्हीसीडी-डीव्हीडीवर उतरली. या भागातल्या कुटुंबांची ही भूकंपानंतरची आठवण आहे, आणि आज ती पुन्हा धोक्यात आहे. या वेळी धोका कपाटातच आहे.

कारण विकत घेतलेली सिनेमाची चकती आणि स्टुडिओत राइट केलेली चकती यांत मूलभूत फरक असतो. पहिलीत खाचा साच्याने दाबून उमटवलेल्या असतात. दुसरीत खाचा नसतातच. एका रासायनिक रंगाचा थर असतो आणि लेझरने तो जागोजागी भाजून खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो रंग उतरत जातो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. तिथे माळ्यावरच्या पिशवीतली स्वस्त डीव्हीडी दहा-पंधरा वर्षांत अडकू लागली तर नवल नाही. चकती टिकली तरी ती वाचणारं यंत्र हवं. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा ड्राइव्हच नसतो, आणि घरचा प्लेअर कधीच भंगारात गेलेला असतो. दवाखान्यातून एमआरआयची सीडी हातात पडते तेव्हा कित्येक घरांना कळतं की ती बघायला आपल्याकडे आता काहीच नाही.

मोठ्या क्षमतेची चकती या दुखण्यावर औषध ठरली असती का? आजचा लग्नाचा कॅमेरा फोरकेमध्ये सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने चित्रण करत असेल तर एका तासाचे ४५ जीबी होतात. २००६ साली अफाट वाटलेल्या २५ जीबीत आता हळदीचा कार्यक्रमही पुरा बसत नाही. क्षमतेचे आकडे असेच मागे पडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शांघायच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात शंभर थरांच्या चकतीचा शोध मांडला. एका चकतीत १.६ पेटाबिट, म्हणजे सुमारे २०० टीबी. २५ जीबीच्या आठ हजार ब्लू-रेंएवढं. हे मोठं विज्ञान आहे आणि त्याचं कौतुकच करायला हवं. ती चकती उद्या दुकानात आली तरी तिला विचारायचे प्रश्न मात्र तेच राहतील. तिच्या यंत्रात माझी जुनी चकती चालते का, जवळपास कॉपी करून मिळते का, आणि वीस वर्षांनी ती वाचणारं यंत्र कोण विकत असेल? तिसऱ्याचं उत्तर कुठलीच कंपनी देऊ शकत नाही. ३४ रुपयांना डीव्हीडी विकणाऱ्या मोझर बेअरला २०१८ मध्ये दिवाळखोरी न्यायाधिकरणाने अवसायनात काढायचा आदेश दिला. आता सोनीही कोरी ब्लू-रे बनवत नाही.

म्हणून सास्तूर, होळी, पेठसांगवी आणि भोवतीच्या गावांतल्या वाचकांना कळकळीने सांगायचं आहे की लग्नाच्या चकत्या वाचता येताहेत तोवर त्या उतरवून घ्या. यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह हजार-दीड हजारात मिळतो. चार घरांत मिळून एक पुरतो. व्हीसीडी असेल तर ‘एमपेगएव्ही’ नावाच्या फोल्डरमधल्या ‘डॅट’ फायली आणि डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ टीएस’ हा पूर्ण फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा. चकती अडकत असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. वर कागदी स्टिकर चिकटवू नका; त्याने चकती फिरताना डगमगते. कॉपी एका हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी प्रत लातूर, सोलापूर किंवा पुण्यात राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्या. दोन्ही प्रती एकाच छताखाली नकोत, हे या गावांना वेगळं सांगायला नको. आणि व्हीएचएस कॅसेट शिल्लक असेल तर सुरुवात तिच्यापासून करा. तिचे चालू व्हीसीआर आणि ते दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही वेगाने कमी होत आहेत.