मुरूम जातो, डाग उरतो : उन्हाळा आणि आपली सावळी त्वचा

चंद्रपूरचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. एप्रिलच्या मध्यापासून पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि मे महिन्यात त्याही पुढे जातो. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि ऊर्जानगरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र यांच्यामुळे हवेत धूळही असतेच. गडचिरोलीकडे जंगलाची सावली अधिक. परंतु तेंदूपत्त्याच्या हंगामात तेथेही ऊन कोणाला चुकत नाही. नेमक्या याच दिवसांत लग्नसराई असते. मुलामुलींच्या कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर मुरमे उमटतात आणि ‘लग्नापर्यंत चेहरा साफ व्हायलाच हवा’ अशी घाई घराघरांत सुरू होते.

प्रस्तुत लेखक वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर आणि बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. तथापि या विषयाला हिशेबाची एक बाजू आहे आणि आपल्या व्यापारी कुटुंबांना ती चटकन समजेल. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर मुरूम हे मुद्दल असते आणि त्यामागे राहणारा काळा डाग हे व्याज. मुद्दल काही दिवसांत फिटते, व्याज मात्र महिनोन्‌महिने चालते. घाईने निवडलेला उपाय हे व्याज चक्रवाढ करतो.

त्वचेच्या रंगाचे कारण

त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती रंगद्रव्य बनवतात, त्याचे कण केवढे असतात आणि ते कसे पसरतात यात. अमेरिकेतील डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेच्या प्रकारांची मोजपट्टी मांडली, तेव्हा ती प्रामुख्याने गोऱ्या त्वचेसाठी होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार तिला नंतर जोडले गेले. बहुतेक भारतीय त्वचा या पट्टीवर चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडते.

अशी त्वचा उन्हाने सहजासहजी भाजत नाही, हा तिचा मोठा लाभ. परंतु तिच्यावर कोठेही दाह झाला, मग तो मुरमाचा असो, ओरखड्याचा असो वा झोंबणाऱ्या मलमाचा, की तेथील पेशी जास्तीचे रंगद्रव्य ओततात. मुरूम बसतो आणि तपकिरी डाग मागे राहतो. रंग वरच्या थरात असेल तर तो काही महिन्यांत फिकट होतो. तो खालच्या थरात झिरपला तर डाग राखाडी-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. त्यावर ऊन पडत राहिले तर तो अधिक गडद होतो. म्हणून मुरूम फोडणे, नखाने पिळणे किंवा चेहरा खसाखसा घासणे आपल्याला परवडणारे नाही.

उन्हाळ्यात नेमके काय होते

त्वचा तापली की तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात. घाम, तेल आणि धूळ एकत्र येते. बाहेर पडताना आपण चेहऱ्याभोवती दुपट्टा घट्ट गुंडाळतो. उन्हापासून तो वाचवतो हे खरे. पण घामाने ओला झालेला, दिवसभर घासणारा आणि चार-चार दिवस न धुतलेला दुपट्टा मुरमांना निमंत्रण देतो. सुती दुपट्टा सैल बांधावा आणि रोज धुवावा, एवढ्याने फरक पडतो. डोक्याला चापून लावलेले तेल घामाबरोबर कपाळावर उतरते आणि केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्या येतात. अशांनी तेल रात्री लावून सकाळी केस धुवावेत.

उन्हाळ्यातील प्रत्येक पुटकुळी मुरूम नसते, हेही ध्यानात ठेवावे. घामोळ्या बारीक, टोचणाऱ्या असतात आणि गारवा मिळाला की ओसरतात. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या व खाजणाऱ्या पुटकुळ्या आल्या आणि मुरमाच्या औषधाने त्या हटत नसतील, तर तो बहुधा घामात वाढणाऱ्या बुरशीचा प्रकार असतो. त्याचे औषध निराळे असते. खरा मुरूम ओळखायचा तो काळ्या-पांढऱ्या टोकांच्या कोंड्यांवरून आणि लहानमोठ्या गाठींवरून.

आहाराबद्दल संयमाने बोलावे. आंब्याला दोष देण्याची प्रथा आहे. त्याला ठोस आधार नाही. साखर, मैदा आणि गोड पेये यांचा अतिरेक मात्र मुरमे वाढवतो असे दिसते. दुधाचाही काहींच्या बाबतीत संबंध आढळला आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांनी दुधापासून बनवलेल्या प्रथिनांच्या भुकटीकडे विशेष लक्ष द्यावे. ती सुरू केल्यावर मुरमे उफाळली असतील तर काही आठवडे बंद करून पाहावे.

घाईची मलमे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ओळखीच्या औषध दुकानातून, शेजारणीच्या सांगण्यावरून एखादी ट्यूब घरी येते. चार दिवसांत मुरमांचा लालसरपणा जातो, चेहरा उजळतो आणि सारे खूश होतात. पुष्कळदा त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. ते दाह दाबते, पण रोग बरा करत नाही. काही आठवडे लावल्यावर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. मलम थांबवताच मुरमे दुपटीने परततात, चेहरा जळजळतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब शोधतो.

हा केवळ तर्क नाही. देशातील १२ केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडची मलमे लावत होते, म्हणजे सातांत एक. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना ते मलम डॉक्टरने नव्हे, तर इतर कोणी सुचवले होते. सर्वांत अधिक आढळलेला दुष्परिणाम कोणता? मुरमे येणे किंवा असलेली मुरमे वाढणे. ज्यासाठी ट्यूब घेतली, तेच दुखणे तिने वाढवले.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांची सवलत काढून घेतली. ती आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे असे समजावे आणि चिठ्ठीवाचून चेहऱ्याला लावू नये. वांगासाठी मिळणाऱ्या तिहेरी मलमांतही ते असते. ती मलमे ठरावीक आठवड्यांपुरती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची असतात. रोजची क्रीम म्हणून नव्हे.

याहून गंभीर प्रकार पाऱ्याचा. आपल्याच विदर्भातील अकोल्याची घटना २०२३ च्या प्रारंभी वृत्तपत्रांतून आली होती. एका तरुणीने गोरेपणासाठी स्थानिक पातळीवर मिळालेली क्रीम वापरली. चेहरा उजळलेला पाहून आई आणि बहीणही ती लावू लागल्या. पुढे तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने क्रीमची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात पारा सापडला. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही असेच रुग्ण पुढे आले. पारा मेलॅनिन बनू देत नाही म्हणून त्वचा उजळ दिसते. पण तो शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांवर बसतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत राहिलेला अंशसुद्धा दहा लाख भागांत एक भागापेक्षा अधिक चालत नाही. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती घरात आणू नये.

लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा हे घरगुती उपायही निरुपद्रवी नाहीत. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की तेथे तपकिरी चट्टे उठतात.

मग करावे काय?

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने धुवावा. दहादा धुतल्याने त्वचा कोरडी होऊन अधिक चिडते. हलके, पाण्याचा अंश अधिक असलेले मॉइश्चरायझर उन्हाळ्यातही हवे, कारण एप्रिल-मेची आपली हवा कोरडी असते. सकाळी किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतके चेहऱ्याला आणि मानेला लावावे. उन्हात फिरणाऱ्यांनी दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. सावळ्या त्वचेवर केवळ अतिनील किरणेच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो. आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन त्यासाठी अधिक उपयोगी ठरते.

मुरमांवर डॉक्टर सहसा ॲडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲझेलाइक ॲसिड यांतून निवड करतात. ॲझेलाइक ॲसिड मुरूम आणि डाग या दोहोंवर काम करते, म्हणून आपल्या त्वचेला ते विशेष मानवते. बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचे पुरते. अधिक तीव्र मलमाने गुण फारसा वाढत नाही, दाह मात्र वाढतो. शिवाय त्याने उशीच्या अभ्ऱ्याचा रंग उडतो. ॲडापलीन रात्री, मटाराच्या दाण्याएवढे, प्रारंभी एक दिवसाआड लावतात; गर्भवती स्त्रियांनी ते वापरू नये. कोणत्याही औषधाचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. वैशाखातले लग्न असेल तर उपचार माघातच सुरू व्हायला हवेत.

पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांचाही सल्ला घ्यावा. गाठी मोठ्या, दुखऱ्या असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर वेळ दवडू नये. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. भामरागड किंवा सिरोंच्याहून तेथे जाण्यात दिवस मोडतो. अशांना शासनाच्या ‘ई-संजीवनी’ सेवेवरून दूरस्थ सल्ला विनामूल्य मिळू शकतो.

व्रत-नियम आणि औषधे

आपल्या घरांत काही प्रश्न विशेष उद्भवतात. तीव्र मुरमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन बहुधा जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये येते आणि जिलेटिन प्राणिज असते. हे डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे दुसरा पर्याय सुचवता येईल. चिठ्ठी घेऊन मग औषध मध्येच सोडणे योग्य नाही. हे औषध गर्भाला घातक असल्याने विवाहित स्त्रियांनी अधिकच सावध राहावे.

डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि त्यानंतर लगेच आडवे होता येत नाही, अन्यथा अन्ननलिकेला जखम होते. चौविहार करणाऱ्यांनी रात्रीची मात्रा दिवसा घेता येईल का, हे विचारून घ्यावे. या गोळीने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, हेही लक्षात असू द्यावे. उपवासाच्या दिवसांत पोटातील औषधाचे काय करावे, हे तपाला बसण्यापूर्वीच ठरवावे. रात्री लावायच्या मलमाला मात्र कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

आपल्या दुकानातील फळी

शेवटचा मुद्दा आपल्या व्यवसायाचा. मूल, आरमोरी, अहेरी, एटापल्लीपर्यंत आपली दुकाने आहेत. आठवडी बाजाराला येणारी गोंड, माडिया मुलगी गोरेपणाची डबी मागते, तेव्हा ती आपल्या शब्दावर विसंबलेली असते. तिच्या हातात पत्ता नसलेली डबी द्यायची की नाही, हा निर्णय कायद्याआधी आपला आहे. अशा डबीवरचा नफा चार रुपयांचा. तिचे नुकसान मोजायला आपली वही पुरणार नाही.

घरातही तेच. हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० साली आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द वगळला. आपल्या परिचयपत्रांतील ‘गोरा वर्ण’ अद्याप गेलेला नाही. तो रकाना कोरा राहिला, तर पुष्कळ मुली त्या ट्यूबकडे वळणारच नाहीत. सावळा रंग हा रोग नव्हे. त्याला औषध लागत नाही. मुरूम हा रोग आहे, त्याला औषध आहे, आणि ते तीन महिने धीराने लावावे लागते.