जखमेचा लेखी पुरावा : पर्पल हार्ट पदकाचे विलंबित अर्ज

लढाईंत जखमी झालेला शिपाई चाळीस-पन्नास वर्षांनीं सरकारकडे पदक मागूं लागला, म्हणजे त्याच्या अंगावरील व्रण त्याच्या फारसे उपयोगीं पडत नाहींत. व्रण गोळीचा आहे इतकें वैद्य सांगूं शकेल. ती गोळी शत्रूची होती कीं नाहीं, कोणत्या दिवशीं व कोठें लागली, हें कागदानेंच सांगावें लागतें. हा प्रश्न अमेरिकेंतील ‘पर्पल हार्ट’ या पदकाच्या संबंधांत वारंवार उपस्थित झालेला आहे. जुन्या कागदांचा संग्रह करणारांस त्याची हकीकत उद्बोधक वाटेल म्हणून ती येथें देत आहें.

या पदकाचें मूळ जॉर्ज वॉशिंग्टन यानें ७ ऑगस्ट १७८२ रोजीं न्यूबर्ग येथील छावणींतून काढलेल्या हुकुमांत आहे. विशेष कामगिरी करणाऱ्या शिपायानें डाव्या छातीवर जांभळ्या कापडाचें हृदयाकृति चिन्ह लावावें व त्याचें नांव एका स्वतंत्र गुणवहींत नोंदावें, असा तो हुकूम होता. एलायजा चर्चिल, विल्यम ब्राउन व डॅनियल बिसेल या तिघांस हें चिन्ह मिळाल्याचें ज्ञात आहे. गुणवही मात्र अद्याप हातीं लागलेली नाहीं. म्हणजे ज्या पुस्तकानें पुढील सर्व वाद मिटावयाचे, तेंच प्रथम नाहींसें झालें! दप्तरांत वावरणारांस याचें नवल वाटावयाचें नाहीं.

पुढें दीडशें वर्षें हें चिन्ह विस्मृतींत गेलें. वॉशिंग्टनच्या जन्मास दोनशें वर्षें झालीं त्या दिवशीं, म्हणजे २२ फेब्रुवारी १९३२ रोजीं, सेनाध्यक्ष डग्लस मॅकआर्थर यानें पदकाच्या रूपानें त्याचें पुनरुज्जीवन केलें. पहिल्या महायुद्धांत जखमी झालेल्यांस तें मागील तारखेपासून देण्याचें ठरलें. परंतु तें आपण होऊन घरीं येत नसे, अर्ज करावा लागे. ज्यांच्या उजव्या बाहीवर जखमेची सोनेरी पट्टी लावण्याचा अधिकार पूर्वींच नोंदलेला होता, त्यांचें काम सोपें होतें. प्रारंभीं विशेष सेवेबद्दलही हें पदक मिळे. १९४२ पासून तें शत्रूकडून झालेली जखम वा मृत्यु यांपुरतेंच राहिलें. जखमेवर वैद्यकीय उपचार झाले पाहिजेत व त्या उपचारांची नोंद असली पाहिजे, ही अट मुख्य होय. भर रणांत पट्टी बांधणारा माणूस टिपणही करील अशी अपेक्षा तींत गृहीत आहे, आणि सर्व घोटाळा तेथूनच सुरू होतो.

हेन्री जॉन्सन याचें उदाहरण या बाबतींत पाहण्यासारखें आहे. हा ३६९ व्या पायदळ पलटणींतील कृष्णवर्णी शिपाई. ही पलटण फ्रेंच सेनेच्या हुकमतीखालीं लढत होती. मे १९१८ मध्यें आर्गोन अरण्याच्या कडेस तो व नीडहॅम रॉबर्ट्स रात्रीं पहाऱ्यावर असतां जर्मन टोळीनें छापा घातला. हातगोळे संपल्यावर व बंदूक निकामी झाल्यावर जॉन्सन सुरा घेऊन लढला. त्यास एकवीस जखमा झाल्या. फ्रान्सनें त्याचा ‘क्रॉ द गेर’ पदकानें तत्काळ गौरव केला. परंतु त्याच्या स्वदेशानें नोकरींतून मुक्त करतांना जो दाखला दिला, त्यांत या जखमांचा उल्लेखच नाहीं! १९२९ मध्यें तो मरण पावला. पर्पल हार्टचें पुनरुज्जीवन त्यानंतर तीन वर्षांनीं झालें. त्यामुळें स्वतः मागणी करण्याची संधि त्यास मिळालीच नाहीं. इतरांनीं प्रयत्न केले, तेव्हां १९९६ मध्यें, म्हणजे जखमा होऊन अठ्ठ्याहत्तर वर्षांनीं, तें पदक त्याच्या नांवें देण्यांत आलें. पुढें शोध घेतां त्या छाप्यासंबंधींचें सेनापति पर्शिंग याचें समकालीन टिपण सांपडलें आणि २ जून २०१५ रोजीं त्यास सर्वोच्च ‘मेडल ऑफ ऑनर’ जाहीर रीतीनें अर्पण झालें. एका दाखल्यांतील मौन हा घटना न घडल्याचा पुरावा मानूं नये, हें येथें उघड दिसतें.

आपल्याकडे सभासदानें प्रतापगडच्या प्रसंगानंतरची जी हकीकत दिली आहे, तींत जखमींस जखम पाहून पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत बक्षीस दिल्याचें म्हटलें आहे. तेथें देणाऱ्यानें जखम पाहिली. येथें कारकून फक्त कागद पाहतो.

आणि कागद तरी कोठें आहेत? १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई शहराजवळील सैनिक-दप्तरखान्यास आग लागली व सुमारें एक कोटी साठ ते एक कोटी ऐंशीं लक्ष व्यक्तींचीं दप्तरें नष्ट झालीं. १९१२ ते १९६० या काळांत भूसेनेंतून मुक्त झालेल्यांपैकीं शेंकडा ऐंशींचे कागद त्यांत गेले. त्यांच्या नकला नव्हत्या, सूचीही नव्हती. भिजलेले रुमाल निर्वात कोठींत वाळवून कांहीं वांचविण्यांत आले. तेव्हांपासून अर्जदारास पलटणीच्या रोजच्या हजेरी-अहवालांवर, पगाराच्या पावत्यांवर व सोबत्यांच्या शपथपत्रांवर भिस्त ठेवावी लागते. १९८८ मध्यें रुग्णालयांतील दाखल्यांच्या जुन्या नोंदी उपलब्ध झाल्या, त्यांचा मोठा आधार झाला. मात्र त्यांत नांव नसून सैनिकाचा क्रमांक असतो. घरांतील जुन्या पत्रावर वा बिल्ल्यावर तो क्रमांक असेल, तर तेवढा तुकडा अमोल होय. नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे तीन वर्षांत अर्ज करावा अशी मुदत आहे. न्यायाच्या दृष्टीनें ती माफ करण्याचा अधिकार मंडळास आहे.

तथापि शपथपत्रें व कुलपरंपरा डोळे मिटून स्वीकारावीं असें माझें म्हणणें नाहीं. जॉन्सनच्याच प्रकरणांत, ज्या घराण्यास त्याचे वंशज समजण्यांत येत होतें, त्यांचा त्याच्याशीं रक्तसंबंध नसल्याचें वंशावळीच्या तपासणींत आढळून आलें. त्या घराण्यानें त्याच्यासाठीं अनेक वर्षें खटपट केली होती. ती खोटेपणाची नव्हती, केवळ ऐकीव माहितीवर आधारलेली होती. अखेरीस २०१५ चें पदक न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डमधील एका सार्जंटानें त्याच्या वतीनें स्वीकारलें.