वापरून झालेल्या पाण्याचे शास्त्र

परभणी जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे पावसावर, येलदरीच्या साठ्यावर आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाणीपाळीवर जाते. पाणी किती आले, हा आपला पहिला प्रश्न आणि बहुधा शेवटचाही. वापरून झाल्यावर त्याचे काय होते, हे विचारणारा माणूस विरळा. ते शिकवणारा वर्ग त्याहून विरळा. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. त्याच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा यांचे शिक्षण मिळते. जलशुद्धीकरण आणि सांडपाणी प्रक्रिया हे विषय मात्र मुख्यतः स्थापत्य अभियांत्रिकीच्या वाट्याला येतात. तिथेही पदवीच्या चार वर्षांत त्यांना थोडीच जागा मिळते, आणि सखोल अभ्यासासाठी मुंबई-नागपूरकडे एम.टेक.ला जावे लागते. मराठवाड्यात ही फारकत परवडणारी नाही. सांडपाण्याचे शिक्षण इथे शेतीच्या शिक्षणाशी मांडीला मांडी लावून बसले पाहिजे.

हिशेब करून पाहू. २०११च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या ३ लाख ७ हजार होती. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा प्रचलित निकष आहे, आणि दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते, असे धरले जाते. म्हणजे दिवसाला सव्वातीन कोटी लिटरहून अधिक. पिकाला पाच सेंटिमीटरची पाळी द्यायची तर या पाण्यात रोज १६० एकर भिजेल. हा हिशेब कागदावरचा आहे. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे आकडा खाली येणारच. पण निम्मा धरला तरी रोज ऐंशी एकर, तेही मृगाची वाट न पाहता. ज्या जिल्ह्यात एका पाळीवाचून हरभरा हातचा जातो, तिथे हे पाणी नाल्यात सोडून विसरून जाणे मला अक्षम्य वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की यंत्रणा निविदा काढून विकत मिळते, त्यासाठी वेगळे शिक्षण कशाला? उत्तर देशाच्या आकड्यांत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. ३१,८४१ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया करण्याची क्षमता उभी आहे, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती २०,२३६ वर. उभारलेल्या क्षमतेपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक वापराविना राहते. याचे एक कारण प्रक्रियेतच आहे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये पुढे आलेल्या सक्रिय गाळ पद्धतीत जिवाणू घाण खातात आणि त्यांना श्वासासाठी सतत हवा पुरवावी लागते. ब्लोअर बंद पडला की काही तासांत जिवाणू गुदमरू लागतात. वीज जाणाऱ्या आणि बिल थकणाऱ्या छोट्या नगरपालिकेला ही पद्धत जड जाते. उलट आपले ऊन हे भांडवल आहे. सांडपाणी किती घाण आहे हे मोजायला पाश्चात्त्य पद्धतीत नमुना २० अंशांवर पाच दिवस ठेवतात. भारतीय पद्धतीत २७ अंशांवर तीनच दिवस, कारण उष्णतेत जिवाणू झपाट्याने काम करतात. म्हणून कमी विजेवर चालणारे स्थिरीकरण तलाव किंवा नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केलेली वनस्पतींची फायटोरिड पद्धत इथे शोभेल. तलावातून बाष्पीभवन किती होईल आणि जागा किती लागेल, याचा तोल मात्र इथल्या हवामानात शिकलेल्या माणसालाच साधेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घाणीच्या पाण्यावर पिके घेतली तर रोग पसरतील. भीती खरी आहे. जंतांची अंडी साध्या क्लोरीनने सहजी मरत नाहीत, ती खाली बसवावी किंवा गाळावी लागतात. त्यात कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीचा धोका वेगळा आणि कापसाचा वेगळा. पण याहून कमी बोलला जाणारा धोका मातीचा आहे. साबणातून, कपड्याच्या पावडरीतून आणि मिठातून सांडपाण्यात सोडियम येतो. परभणीची काळी माती चिकणमातीने भरलेली. सोडियम वाढला की तिचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात, निचरा थांबतो आणि रान चोपण होते. प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी सर्व कसोट्यांना उतरलेले पाणीसुद्धा शेत बिघडवू शकते. हे स्थापत्यवाल्याला सहसा ठाऊक नसते आणि कृषिवाल्याच्या हाती प्रक्रिया केंद्राचा आराखडा नसतो. या दोघांना एका बाकावर बसवा, एवढेच माझे मागणे आहे.

पिण्याच्या पाण्याचा अभ्यासही यातून सुटत नाही. जालन्याच्या कुंडलिकेचे पाणी दुधनेत येते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते, आणि पुढे विष्णुपुरीतून नांदेडकर पाणी उचलतात. वरच्याचे सांडपाणी खालच्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचते. तिथे तुरटीने गाळ बसवून, वाळूतून गाळून पाण्यात क्लोरीन घालतात. पण त्यात सांडपाण्याचा अमोनिया असला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो आणि नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरणे अवघड होते. गावचा जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि उरलेला क्लोरीन पिवळ्या रंगावरून दाखवणारी ओटी चाचणी घेतो. पिवळा रंग का आला नाही, याचे कारण शोधायला त्याच्या पाठीशी तालुक्यात एक तरी शिकलेला अभियंता हवा. नोकऱ्या कुठे आहेत, असे विचारणाऱ्यांनी नऊ तालुक्यांतल्या नळयोजना, नगरपालिका आणि साखर कारखाने मोजावेत. काम आजही चालू आहे, ते अर्धवट माहितीवर चालले आहे.

ज्वारीचा 'परभणी मोती' हा वाण देणाऱ्या परभणीच्या विद्यापीठाला शेजारी शेजारी प्लॉट पाडून तुलना करणे नवे नाही. एका पट्ट्यात विहिरीचे पाणी, दुसऱ्यात प्रक्रिया केलेले सांडपाणी, दोन्हींत तोच कापूस. विद्यार्थ्यांनी चार हंगाम मातीचा निचरा, सोडियम आणि उतारा मोजावा, आणि केंद्राचा आराखडा त्या नोंदींवरून बदलावा.