ख्रिस्ती कीर्तनाचा गाभा

ख्रिस्ती प्रवचन म्हणजे केवळ सदाचाराचा उपदेश नव्हे. येशूचे क्रुसावरील मरण व पुनरुत्थान यांतून मानवाला पापक्षमा लाभते, ही वार्ता म्हणजे शुभवर्तमान. ते वगळल्यास उरतो तो निव्वळ नीतिपाठ.

महाराष्ट्रात या तत्त्वाची कसोटी कीर्तनाने पाहिली. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन रुजले. १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले कवी नारायण वामन टिळक यांनीही भजन-कीर्तनाची कास धरली. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान हा साचा कायम राहिला. आख्यान मात्र बायबलमधले आले. ओळखीच्या चालींमुळे श्रोत्यांचे परकेपण सरले. मात्र श्रोता केवळ चालीतच रमला, तर वार्ता निसटण्याचा धोका होता. म्हणूनच कीर्तनाचे यश रंगण्यात नव्हे, आख्यान क्रुसापर्यंत पोहोचण्यात मोजावे लागते.