धर्माच्या गाईचे दात

धर्मादाय संस्थांचे वार्षिक अहवाल चाळले, तर त्यांत आकड्यांची उणीव नसते. किती रुग्ण तपासले, किती चष्मे वाटले, किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली, किती ताटे वाढली, याचा चोख हिशेब तेथे मांडलेला असतो. हे आकडे खरे असतात आणि त्यांमागील कार्यकर्त्यांचे कष्टही खरे असतात. मात्र वाटलेल्या चष्म्यांपैकी किती चष्मे सहा महिन्यांनंतरही डोळ्यांवर आहेत आणि किती फडताळात पडून आहेत, हे सांगणारा रकाना त्या अहवालांत सहसा आढळत नाही.

व्यापाऱ्याला असा रकाना वेगळा आखावा लागत नाही. माल पसंत पडला नाही, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानाची पायरी चढते आणि संध्याकाळी गल्ला मोजताना दुकानदाराला त्याचा उलगडा होतो. विनामूल्य सेवा देणाऱ्या संस्थेला ही सोय नाही. तिचा पैसा देणगीदाराकडून येतो आणि सेवा घेतो तो दुसराच कोणी. तो नाराज झाला तरी संस्थेची तिजोरी रिती होत नाही. शिवाय तो तक्रारही करीत नाही. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ ही म्हण त्याच्या कानांवरून लहानपणापासून गेलेली असते. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजणे हा कृतघ्नपणा, असे मानणारा माणूस हात जोडतो, आभार मानतो आणि निघून जातो.

घेणारा दात मोजणार नसेल, तर ते काम देणाऱ्याने अंगावर घ्यावयास हवे. व्यवस्थापनशास्त्रात ज्यांना ग्राहक संशोधन आणि डिझाइन थिंकिंग म्हणतात, त्यांचा सेवाभावी संस्थांपुरता अर्थ एवढाच आहे. ज्याच्यासाठी सेवा चालविली जाते त्याच्या रोजच्या जगण्याचे जवळून निरीक्षण करावे, त्याची अडचण त्याच्या बाजूने मांडावी, उपायाचा एखादा नमुना तयार करून त्याच्या हाती द्यावा आणि तो त्याचे काय करतो हे पाहून नमुना पुन्हा बदलावा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलसारख्या संस्थांमुळे डिझाइन थिंकिंग हा शब्द अलीकडच्या काळात जगभर पसरला. पण त्या विचाराचे एक उत्तम उदाहरण हा शब्द आपल्याकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधी जयपूरमध्ये घडले होते.

न वापरलेल्या पायाची साक्ष

१९६० च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक म्हणून काम करीत होते. देशात कृत्रिम अवयव बनविणारी केंद्रे त्या वेळी थोडी होती. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेले लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र हे त्यांतील प्रमुख. बनविला जाणारा पाय पाश्चात्त्य धर्तीचा असे. त्याचा घोटा ताठ, टाचेला मऊ गादी आणि वर बूट चढविणे अपरिहार्य. असा पाय बसवून घरी गेलेले रुग्ण काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर चालताना दिसतात, हे डॉ. सेठी यांच्या लक्षात आले.

अशा वेळी रुग्णाला दोष देणे सोपे असते. तो अडाणी आहे, सराव करीत नाही, त्याला वस्तूची किंमत नाही, असे म्हटले की प्रश्न मिटतो. डॉ. सेठी यांनी तो मिटवला नाही. पाय न वापरण्याचे कारण त्यांनी रुग्णाच्या दिनक्रमात शोधले. भारतीय माणूस जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून शौचास जातो, चिखलात उतरून भातलावणी करतो, शेताच्या बांधावरून चालतो. स्वयंपाकघरात आणि देवळात तो अनवाणी जातो. बुटाशिवाय न चालणारा, पाण्याने खराब होणारा आणि घोट्यात न वळणारा पाय या आयुष्यात बसत नव्हता. ज्या समाजात लोक खुर्चीवर बसतात आणि घरातही पादत्राणे घालतात, त्या समाजासाठी तो उत्तम होता.

उपाय शोधण्याच्या कामी त्यांना रुग्णालयातीलच एक कारागीर लाभले. पंडित रामचंद्र शर्मा यांचे शालेय शिक्षण नाममात्र होते. पण लाकूड, धातू, रबर यांचा स्वभाव त्यांच्या बोटांना ठाऊक होता. त्यांनी ट्रकच्या टायरांना नवा थर चढविणाऱ्या कारखान्याचे तंत्र पायासाठी वापरून पाहिले. भरीव रबराचा पाय जड झाला आणि वाकेना. मग आत स्पंज रबराचे ठोकळे, घोट्याशी लाकडाचा तुकडा, त्यांभोवती टायरमधील दोऱ्यांचे मजबूत वेष्टण आणि वरून त्वचेच्या रंगाचे रबर, अशी रचना साच्यात भाजून तयार झाली. या पायाला बोटे होती आणि अंगठ्यालगत फट होती, त्यामुळे त्यात चप्पल घालता येई. तो पाण्यात भिजला तरी चाले आणि ओबडधोबड जमिनीनुसार वळे. १९६८ मध्ये सिद्ध झालेला हा पाय ‘जयपूर फूट’ या नावाने जगाला परिचित झाला. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

वस्तू तयार, सेवा अपुरी

जयपूर फूटची कथा बहुधा येथे संपविली जाते. संस्था चालविणाऱ्यांसाठी तिचा महत्त्वाचा भाग मात्र येथून सुरू होतो. पाय उत्तम होता, स्वस्त होता, माणसाला शेतात आणि देवळात नेणारा होता; तरीही पहिल्या सात वर्षांत तो बसविलेल्यांची संख्या शंभराच्याही आत राहिली. गरजूंची उणीव नव्हती. उणीव होती ती पाय आणि गरजू यांच्यामधील रस्त्याची.

तो रस्ता कसा असतो, हे एखाद्या खेड्यातील मजुराच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की ध्यानात येते. एक पाय गमावलेल्या माणसाला एसटीने किंवा रेल्वेने शहर गाठायचे, तर सोबत कोणीतरी हवे. म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. मापासाठी एक खेप, जोडणीसाठी दुसरी, दुरुस्तीसाठी तिसरी. प्रत्येक खेपेस तिकीट, जेवण आणि रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न. साहेब आज नाहीत, पुढच्या मंगळवारी या, असे एकदा ऐकले की तो माणूस पुढच्या मंगळवारी येत नाही. नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ असे लिहिले जाते आणि दोष पुन्हा त्याच्याच माथी येतो.

हा रस्ता बांधण्याचे काम देवेंद्र राज मेहता यांनी हाती घेतले. भारतीय प्रशासन सेवेतील हे अधिकारी जैसलमेरचे जिल्हाधिकारी असताना १९६९ मध्ये मोटार अपघातात गंभीर जखमी झाले होते. त्यांचा पाय कापावा लागेल की काय, अशी भीती होती. पाय वाचला, पण खाटेवरून जग कसे दिसते याचा अनुभव गाठीशी आला. पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आणि १९९५ ते २००२ या काळात सेबीचे अध्यक्ष म्हणून ते देशाला परिचित झाले. त्यापूर्वीच, १९७५ मध्ये, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने त्यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली होती.

रुग्णाच्या घड्याळाने चालणारी संस्था

समितीने पायाच्या रचनेत फार मोठा बदल केला नाही. तिने बदलले ते नियम. आधी वेळ ठरवून येण्याची अट काढली. रुग्ण दिवसा येवो वा रात्री, त्याला दारातून परत पाठवायचे नाही. माप, साचा, जोडणी आणि चालण्याचा सराव ही कामे शक्य तेथे एकाच मुक्कामात, अनेकदा एकाच दिवसात, उरकायची. काम पूर्ण होईपर्यंत रुग्णाची व सोबत्याची राहण्याजेवण्याची सोय संस्थेने करायची. पायाचे मोल घ्यायचे नाही. ज्यांना जयपूर गाठणे शक्य नाही, त्यांच्यासाठी शिबिरे भरवायची. अशी शिबिरे पुढे देशात आणि परदेशांतही भरली.

वरवर पाहता या साध्या गोष्टी आहेत; पण यांतील प्रत्येक नियम कारागिराला आणि व्यवस्थापकाला गैरसोयीचा आहे. केव्हाही येणाऱ्या रुग्णासाठी माणसे तयार ठेवावी लागतात. एका दिवसात काम संपवायचे, तर कामाची मांडणी बदलावी लागते आणि सामग्री हाताशी असावी लागते. सुरुवातीला पायाचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून घडविला जाई. पुढे पाणीपुरवठ्यासाठी वापरतात त्या जातीचे प्लास्टिकचे पाइप तापवून तो बनविला जाऊ लागला. गैरसोय कोणाच्या तरी वाट्याला येणारच असते. ती एक पाय नसलेल्या माणसाच्या वाट्याला न येता दोन पायांवर उभ्या असलेल्या संस्थेच्या वाट्याला यावी, हा समितीच्या रचनेमागचा निर्णय होता. कृत्रिम पाय, कॅलिपर, तीनचाकी आणि अन्य साधने मिळून आजवर वीस लाखांहून अधिक लोकांपर्यंत समिती पोहोचली, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

शोध थांबत नाही

गुडघ्याच्या वर पाय गमावलेल्यांचा प्रश्न अधिक अवघड होता. पाश्चात्त्य बनावटीचे कृत्रिम गुडघे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आणि स्वस्त गुडघे चालताना दगा देणारे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी समितीच्या सहकार्याने या प्रश्नावर काम केले. नमुने जयपूरमधील रुग्णांवर तपासून त्यांनी खास प्लास्टिकचा, सुमारे वीस डॉलर खर्चाचा ‘जयपूर नी’ तयार केला. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ च्या उत्कृष्ट ५० शोधांत त्याची गणना केली. ज्या विद्यापीठाने डिझाइन थिंकिंगला प्रतिष्ठा दिली, त्याच्या विद्यार्थ्यांना जयपूरच्या कार्यशाळेत शिकण्यासारखे सापडले, ही समाधानाची बाब आहे.

दुसरी बाजूही सांगावयास हवी. कृत्रिम अवयवांच्या क्षेत्रातील तज्ज्ञांनी काही देशांत प्लास्टिक पाइपच्या जयपूर पायाची पाहणी केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत पायाच्या बसण्यात आणि कारागिरीत त्रुटी दाखविण्यात आल्या. एका दिवसात काम पूर्ण करण्याची आणि शिबिरांत एकगठ्ठा पाय बसविण्याची ही दुसरी बाजू असू शकते. घरी गेलेला रुग्ण पाय सैल झाला म्हणून शेकडो मैल परत येत नाही. आधीच्या गैरसोयी दूर करणाऱ्या संस्थेलाही, आपण दिलेली वस्तू वर्षभराने कोठे आहे, हा प्रश्न विचारीत राहावेच लागते.

विश्वस्तांच्या सभेत काय व्हावे?

आपल्या समाजात दवाखाने, धर्मशाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्ती निधी आणि अन्नछत्रे यांची परंपरा मोठी आहे. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो. प्रश्न हेतूचा नसून ओळखीचा आहे. सकाळी दहा ते बारा चालणारा दवाखाना रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला उपयोगी पडत नाही, कारण तीच तिच्या कामाची वेळ. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडण्यासाठी विधवा आईला तहसील कार्यालयात दोन दिवस घालवावे लागतात आणि शिष्यवृत्तीची रक्कम बुडालेल्या मजुरीच्या आसपासच असेल, तर खरा गरजू अर्ज करीतच नाही. त्याचे नाव कोणत्याही यादीत येत नाही आणि यंदा अर्ज कमी आले, म्हणजे समाजाची स्थिती सुधारली, असा समज सभेत पसरतो.

अभिप्रायाची वही ठेवून हे कळत नाही. कार्यकर्ता समोर उभा असताना सेवा घेतलेला माणूस ‘सेवा उत्तम’ याखेरीज काय लिहिणार? त्याऐवजी संस्थेने वर्षातून एकदा जुन्या नोंदवहीतील वीस-पंचवीस नावे काढून त्यांच्या घरी जावे. संस्थेने दिलेली वस्तू कोठे ठेवली आहे, ती कोण वापरते, कधी वापरत नाही, हे डोळ्यांनी पाहावे. एकदा येऊन पुन्हा न आलेल्यांची वेगळी यादी करावी आणि न येण्याचे कारण दोष न देता विचारावे. एखाद्या विश्वस्ताने आपली ओळख न देता स्वतःच्या संस्थेच्या रांगेत एक सकाळ उभे राहावे. नवा नियम करण्याआधी तो महिनाभर एका खिडकीवर चालवून पाहावा. यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. लागतो तो वेळ, आणि अप्रिय उत्तर ऐकून घेण्याची तयारी.

सभेपुढे येणाऱ्या अहवालात ‘किती दिले’ या रकान्याशेजारी ‘किती वापरात आहे’ असा आणखी एक रकाना आखला, तर पहिल्या वर्षी त्यातील आकडा कदाचित संकोच वाटावा इतका लहान असेल. तो लपवू नये. कोपऱ्यात ठेवून दिलेले कृत्रिम पाय डॉ. सेठी यांना हेच सांगत होते आणि त्यांनी ते ऐकले, म्हणून हजारो माणसे पुन्हा शेतात उभी राहिली.