रस्ता नसलेला किनारा

सिसिली बेटाच्या वायव्य टोकाशीं सान व्हीतो लो कापो या नांवाचें एक लहानसें समुद्रकांठचें गांव आहे. उन्हाळ्याच्या सुटींत इटलींतील असंख्य कुटुंबें तेथें जातात. गेल्या वर्षीं माझ्या कन्येच्या आग्रहानें मीहि तेथें चार दिवस राहून आलों. तेथें काय पाहावें, काय खावें आणि किती चालावें, हें आज सांगावयाचें आहे; परंतु माझ्या मनांत विशेष घर करून राहिला आहे तो तेथें न झालेला एक रस्ता. त्याच्याकडे आपण क्रमानें येऊं.

गांवाचा किनारा सुमारें ३ किलोमीटर लांब व चंद्रकोरीसारखा आहे. वाळू पांढरी व मऊ. पाणी बरेंच दूरवर उथळ, म्हणून मुलाबाळांस सोयीचें. पाठीशीं माँते मोनाको नांवाचा ५३२ मीटर उंचीचा चुनखडीचा डोंगर उभा आहे. गांवाच्या मध्यभागीं संत व्हीतो याचें देवालय आहे. पण पाहणाऱ्यास ती गढीच वाटते. या समुद्रांत कित्येक शतकें चांचे फिरत असत, व यात्रेकरूंना निर्भय आश्रय हवा असे. म्हणून देवाच्या घरासच तटासारख्या भिंती लाभल्या. पुढें त्याच्याच सावलींत वस्ती वाढली. ऑगस्ट महिन्यांत मात्र या वाळूवर पाय ठेवावयास जागा मिळणें कठीण. मे-जूनमध्यें किंवा सप्टेंबरांत जाणें शहाणपणाचें.

आतां खाण्याविषयीं. सिसिलीच्या पश्चिम टोकापासून आफ्रिकेचा किनारा जेमतेम दीडशें किलोमीटर. या शेजाराची साक्ष गांवाच्या मुख्य पक्वान्नांतच मिळते. त्याचें नांव कुसकुस. कोणी यास अरबी अमदानीचा वारसा मानतात, तर कोणी म्हणतात कीं ट्यूनिसियाकडे मासेमारीस जाणाऱ्या खलाशांनीं तें आणलें. गव्हाचा जाडसर रवा मातीच्या पसरट परातींत घेऊन, त्यावर थोडें थोडें पाणी शिंपडीत, तो बोटांनीं गोल गोल फिरवावयाचा, म्हणजे त्याच्या बारीक कण्या वळल्या जातात. त्या ऑलिव्हच्या तेलांत चोळून सच्छिद्र बुडाच्या भांड्यांत घालतात, व खालच्या भांड्यांत पाणी उकळतात. दोन्ही भांड्यांचा सांधा भिजविलेल्या कणकेनें लिंपतात, म्हणजे वाफ वाटेंतच निसटत नाहीं. ज्या घरांत मोदकपात्र आहे, तेथें ही युक्ति अधिक समजावून सांगावयास नको. वाफवलेल्या कण्यांवर माशांचा रस्सा ओतून भांडें झांकून ठेवतात. तो चांगला मुरला पाहिजे, हेंच त्यांतील मर्म. १९९८ सालीं येथें सुरू झालेल्या कुसकुसच्या उत्सवांत सप्टेंबर महिन्यांत देशोदेशींचे आचारी आपलें कसब दाखवितात.

ज्यांचे पाय अजून मजबूत आहेत त्यांना येथें चुनखडीच्या कड्यांवर दोर लावून चढतां येतें. माझ्यासारख्यास तें शक्य नव्हतें. म्हणून मी झिंगारो नांवाच्या राखीव वनांत गेलों. हें वन किनाऱ्याला धरून सुमारें ७ किलोमीटर पसरलेलें आहे. वाटेंत लहान लहान खाड्या लागतात. त्यांचें पाणी इतकें निर्मळ कीं तळचे गोटे मोजून घ्यावे. डोंगरउतारावर बुटक्या ताडाचीं झुडपें दिसतात. पूर्वीं त्यांच्या पानांच्या टोपल्या, दोर व केरसुण्या होत. उझ्झो नांवाच्या गुहेंत सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींच्या मानवांचे अवशेष सांपडले आहेत.

प्रवेशद्वाराशीं मला समजलें कीं आंत कोणतेंहि वाहन जात नाहीं. गुडघेदुखीमुळें मी किंचित् रागावलोंच, व तेथील एका वृद्ध गृहस्थास कन्येच्या द्वारें विचारलें, "येथें रस्ता कां केला नाहीं?" त्यानें हंसून सांगितलें तें असें : १९७६ सालीं या किनाऱ्यानें मोटाररस्ता बांधण्यास आरंभ झाला होता. दक्षिणेकडील स्कोपेल्लोच्या बाजूस डोंगर फोडून बोगदाहि झाला. रस्ता आला कीं मागोमाग बंगले व हॉटेलें येणार, हें जाणून लोक अस्वस्थ झाले. १८ मे १९८० रोजीं हजारों माणसें या वाटेनें पायीं चालत गेलीं. काम थांबलें, आणि पुढच्याच वर्षीं, १९८१ मध्यें, कायद्यानें येथें सिसिलींतील पहिलें निसर्ग-राखीव क्षेत्र स्थापन झालें. त्या बोगद्यांतून आज मोटारी धांवत नाहींत. पायीं येणारे लोक त्यांतून आंत शिरतात.

तें ऐकून माझा राग ओसरला. मी एका खाडीपर्यंत चालत गेलों व तेथूनच परतलों. पण जें पाहिलें तें रस्ता नसल्यामुळेंच पाहावयास मिळालें होतें. आपली सोय झाली नाहीं म्हणून आपण सहज कुरकुर करतों; परंतु ती सोय झाली असती तर ज्यासाठीं आपण आलों तेंच उरलें असतें का, हा विचार क्वचितच करतों.

तथापि एकदां राखलें म्हणजे कायमचें राखलें, असेंहि नाहीं. २०२० च्या ऑगस्टअखेर लागलेल्या आगींत या वनाचा मोठा भाग होरपळून गेला. रस्ता अडवावयास एक दिवस चालणें पुरलें. आगीवर मात्र दर उन्हाळ्यांत डोळ्यांत तेल घालून पाहारा करावा लागतो. म्हणून जे कोणी तेथें जातील, त्यांनीं भरपूर पाणी व शिदोरी बरोबर न्यावी, कारण आंत दुकान नाहीं. पायांत चांगले बूट असावेत. आणि विडीकाडी मात्र खिशांतून बाहेर काढूं नये. आपल्यासाठीं कोणीतरी चालून गेलें होतें, एवढी आठवण ठेवली म्हणजे पुरे.