चालायला जागा कोठे आहे?

गळीत हंगाम सुरू झाला की वारणानगर-कोडोली भागातल्या माझ्या मधुमेही रुग्णांचे चालणे बंद पडते, ही माझी अनेक वर्षांची नोंद आहे. पहाटे साडेपाचला रस्त्यावर धुके असते. उसाने भरलेला ट्रॅक्टर येतो, त्याच्यामागे दोन ट्रॉल्या, आणि पुष्कळदा मागचा दिवा नसतो. अशा रस्त्याच्या कडेने साठीच्या माणसाने चालावे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? एक मावशी तर सरळच म्हणाल्या, "डॉक्टर, साखरेनं मरायचं का ट्रॅक्टरखाली, ते तुम्हीच ठरवा." हंगाम उतरतो तेव्हा कारखान्याच्या गोदामाबरोबर या मंडळींच्या रक्तातही साखर वाढलेली असते.

म्हणून आजच्या लेखात गोळ्या-औषधांऐवजी गावातील मैदान, बाग आणि चालायची वाट यांविषयी लिहीत आहे. हा विषय ग्रामपंचायतीचा, डॉक्टरचा नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु मी चिठ्ठीवर 'रोज अर्धा तास चालणे' असे लिहितो, तेव्हा ते औषध गावात मिळते की नाही हे पाहणे माझे काम आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम हवा. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागणे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास हालचाल हवी. आपल्याकडे काय चालले आहे? २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. बायकांचा आकडा मोठा का, याचे कारण मला त्या रस्त्यावरच दिसते. पुरुष अंधारातही निघतो, बाई उजेड नसेल तर निघत नाही.

येथे एक खुलासा करतो. दिवसभर शेतात भांगलण करून आलेल्या बाईला मी कधीही चालायला सांगत नाही. तिला विसावा हवा, सावलीत बसायला जागा हवी आणि चार बायकांशी बोलायला वेळ हवा. चालायचा सल्ला आहे तो दुकानात, कचेरीत, शाळेत किंवा दुचाकीवर बसून दिवस काढणाऱ्यांना. गावात आता त्यांचीच संख्या वाढते आहे. वडील बैलामागे चालत होते, मुलगा पॉवर टिलरही गड्याकडून चालवून घेतो. जेवण मात्र वडिलांइतकेच.

चालण्याने नेमके काय होते? स्नायू काम करू लागला की तो रक्तातली साखर ओढून घेतो आणि हे करताना त्याला इन्शुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. मधुमेहात इन्शुलिनचे दार नीट उघडत नाही. चालणाऱ्या स्नायूला हे दुसरे दार असते. म्हणूनच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालणाऱ्याची साखर झोपाळ्यावर बसून राहणाऱ्यापेक्षा कमी चढते. रक्तदाब उतरतो, झोप लागते. वृद्धांच्या पायांत बळ आणि तोल राहतो, त्यामुळे पडण्याचे प्रसंग कमी होतात. मुलांच्या बाबतीत एक फायदा पालकांना ठाऊक नसतो. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेच्या वेळापत्रकात रोज ४० मिनिटे जास्तीचा वेळ उघड्यावर घालवणाऱ्या मुलांवर प्रयोग झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे कमी दिसू लागले, तर इतर मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. म्हणजे मैदान चष्मासुद्धा लांबवते.

आता पैशाकडे वळू. लहान गावाकडे पैसा थोडा असतो हे खरे, पण मला आढळले आहे की तो थोडा पैसाही चुकीच्या ठिकाणी जातो. यंत्रे बसवायला निधी मिळतो, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. झाडलोट, दिवा, पाणी, सुटलेला नट आवळणे या कामांना मात्र कोणी धनी नसतो. शेजारच्या एका गावात उघड्यावरची व्यायामाची यंत्रे थाटात बसवली. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यांचे बेअरिंग गंजले, पायटा निखळला आणि एका नऊ वर्षांच्या मुलाच्या तळहाताला मी पाच टाके घातले, धनुर्वाताची लस दिली. ते यंत्र अजून तसेच उभे आहे. माझ्या मते यंत्र ही सर्वांत शेवटी घेण्याची वस्तू आहे. आधी वाट, मग दिवा, मग स्वच्छतागृह, मग बाकडी आणि सावली.

वाट म्हणजे फरशी नव्हे. पन्हाळ्याच्या पायथ्याला पाऊस किती असतो हे आपण जाणतो. सिमेंटच्या ब्लॉकवर जुलैत शेवाळ धरते आणि त्यावरून घसरलेली म्हातारी माणसे खुब्याचे हाड मोडून घेतात. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, पुष्कळांच्या बाबतीत अंथरूण आणि परावलंबन. त्यापेक्षा चांगला दाबलेला मुरूम बरा. मध्यभागी किंचित उंच, दोन्ही कडांना उतार, बाजूला पाणी जायला चर. दरवर्षी पावसाळा सरल्यावर एकदा मुरूम टाकून रोलर फिरवला की झाले.

जागा किती लागते याचा हिशेब आपल्या गुंठ्यांत मांडू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. वीस गुंठ्यांचा चौरस तुकडा असेल तर त्याच्या कडेची वाट साधारण पावणेदोनशे मीटर होते, म्हणजे सतरा फेऱ्यांत तीन किलोमीटर. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, सव्वा गुंठा. व्हॉलीबॉलला १८ बाय ९, दीड गुंठ्याच्या थोडे वर. खो-खोला २७ बाय १६, म्हणजे सव्वाचार गुंठे. भोवती मोकळी जागा सोडूनही हे सगळे वीस गुंठ्यांत बसते. या खेळांना साहित्य तरी काय लागते? खो-खोला दोन खांब आणि चुना. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताचे पुरुष व महिला दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते.

मात्र जागा निवडताना नदीचा विचार करावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात वारणाकाठी काय झाले ते विसरण्यासारखे नाही. पूररेषेत मैदान ठेवायला हरकत नाही. पाणी येईल आणि जाईल. पण तेथे महागडी खेळणी व विजेच्या पेट्या लावू नयेत. पूर ओसरल्यावर गाळ काढून जमीन वाळेपर्यंत मुलांना तेथे खेळू देऊ नये. पायाला चीर असेल तर त्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसची बाधा होऊ शकते. चिखलात वावरल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर तापाची गोळी घेऊन घरी न थांबता डॉक्टरांना दाखवावे आणि आपण चिखलात गेलो होतो हे आवर्जून सांगावे.

खरे तर नवीन जागा शोधण्यापूर्वी असलेली जागा उघडावी. आपल्या भागात शाळा-महाविद्यालयांची मैदाने पुष्कळ आहेत. संध्याकाळी पाचनंतर आणि सुटीत बहुतेक मैदानांच्या फाटकांना कुलूप असते. मुख्याध्यापकांचीही बाजू आहे. काच फुटली, कोणी बाटल्या टाकल्या, तर जाब त्यांनाच विचारतात. म्हणून लेखी करार हवा: किल्ली कोणाकडे, झाडलोट कोणाची, मोडतोड भरून कोण देणार, दिव्याचे बिल कोण भरणार. एवढे ठरले की नव्या मैदानाचा खर्च वाचतो.

नियमित खर्चासाठी कोल्हापुरी माणसाला परदेशातले उदाहरण देण्याची गरज नाही. आपल्या तालमी पाहा. छत्रपती शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पेठापेठांतल्या तालमी आजवर टिकल्या त्या वर्गणीवर आणि आखाड्याची माती उकरणाऱ्या, पाणी मारणाऱ्या पोरांवर. समजा गावात ३०० उंबरे आहेत आणि प्रत्येकाने महिन्याला २० रुपये दिले, तर सहा हजार रुपये होतात. त्यात सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास येणारा एक राखणदार आणि दिव्याचे बिल बसू शकते. गणेश मंडळांनी डॉल्बीच्या एका रात्रीचा खर्च मैदानाकडे वळवला तर वर्षभराचा मुरूम निघेल. कानाचे रुग्णही कमी होतील, पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

झाडांबाबतही काटकसर हवी. हिरवळ म्हणजे लॉन लावण्याचा हव्यास नको. तिला पाणी, कापणी, राखण सगळे लागते आणि वर 'आत येऊ नये' अशी पाटीही लागते. कडुनिंब, करंज, जांभूळ, वड लावावेत. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि जनावरांपासून राखण, एवढीच त्यांची मागणी. खत म्हणून साखर कारखान्याचा प्रेसमड आपल्याकडे शेतकरी वापरतातच.

करमणूक ही आरोग्याची चैन आहे असे समजू नये. वारणानगरची तर ही परंपराच आहे. १९५० च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे शाळा-महाविद्यालये, दूध संघ आला. त्याबरोबर मुलांच्या हातात वाद्ये देणारा वारणा बालवाद्यवृंदही निघाला. १३ डिसेंबर १९९४ रोजी तात्यासाहेब गेले. त्यांच्या पुण्यतिथीला येथे कुस्त्यांचे मोठे मैदान भरते. मैदान पाहायला हजारो येतात, पण पाहणाऱ्याचा रक्तदाब कुस्ती पाहून उतरत नाही, हे प्रेमाने सांगतो. श्रावणातली झिम्मा-फुगडी ही बायकांची उत्तम कसरत. ती पंचमीपुरती न ठेवता आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवली तर काहीच खर्च नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना भजनाची बैठक झोपेच्या गोळीपेक्षा उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक बिनखर्चाचा उपक्रम सुरू केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करावा, माणसांनी एकमेकांशी बोलावे हा हेतू. आपल्याला तर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावायची सवय आहे. एका भोंग्याला पोरांनी मैदानावर यायचे, असे ठरवायला कोणाची मंजुरी लागते?

चालायला निघणाऱ्यांना दोन-चार सूचना. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये, पायाला काटा रुतलेला कळत नाही. घरी आल्यावर तळवे पाहावेत. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम सुटून हात थरथरू लागले तर थांबून ती खावी. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप असे झाले तर 'पित्त असेल' म्हणून पुढे चालू नये. बसावे आणि ताबडतोब डॉक्टरकडे जावे. गुडघे दुखणाऱ्यांनी यंत्रावरचे जोराचे झोके टाळून सपाट वाटेवर थोडे थोडे चालावे. आणि रस्त्यावरच चालणे भाग असेल तर वाहने समोरून येताना दिसतील अशा उजव्या कडेने, फिकट रंगाचे कपडे घालून आणि हातात बॅटरी घेऊन चालावे.

ग्रामपंचायतीकडे हा विषय न्यायचा असेल तर तोंडी तक्रार करून उपयोग नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा नियम आहे. दिव्याखालची वाट, स्वच्छतागृह, चाकाच्या खुर्चीसाठी उतार या मागण्या तेथे मांडता येतात. क्रीडांगण व व्यायामशाळा विकासासाठी शासनाची अनुदाने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत मिळतात. अर्जाबरोबर देखभाल कोण करणार याचा कागद आपण होऊन जोडावा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. बायकांनी दिव्याचा आणि स्वच्छतागृहाचा मुद्दा त्या सभेतच इतिवृत्तात लिहून घ्यावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तो वाचून दाखवावा लागतो.